दत्तक गावातली बहीण

पिंपळझऱ्याच्या मालनबाईला द्यायची फार हौस. गावात कुणाची लेक बाळंत झाली की डिंक-खोबरं तिच्या घरून जायचं. कुणाकडं कार्य निघालं की तिची मोठी पातेली माळ्यावरून खाली उतरायची. "पाटलीणबाईचा हात सढळ हाय," असं लोक म्हणत. हे कानावर आलं की त्या दिवशी मालनबाई कुणावर डाफरत नसे.

सगळ्यात जास्त दिलं ते धाकट्या बहिणीला, बनुबाईला. दोघी एकाच बापाच्या लेकी, पण दोघींच्या नशिबांमध्ये एक बोडका डोंगर आडवा पडला होता. डोंगराच्या अलीकडं पिंपळझरा. तिथं थोरलीच्या नवऱ्याची, आबासाहेबांची, दोन मोटांची विहीर, ऊस, कांदा आणि मालनबाईचा भरला संसार. पलीकडं खडकमाळ. तिथं कुसळी गवत, मटकी, आणि नवऱ्याच्या, पुंजारामाच्या, दोन खोल्यांत बनुबाई. थोरलीच्या वेळेला बापाच्या अंगात फिरायची ताकद होती, त्यानं दहा गावं पालथी घालून स्थळ आणलं. धाकटीच्या वेळेला तो थकला होता. दारात जे आलं त्याला त्यानं लेक दिली.

लहानपणी मात्र सगळं उलटं होतं. बनू गोरीपान, हसरी. बाप शेतातून आला की आधी तिलाच हाक मारायचा. मालन पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि तो तांब्या घेताना बापाचं लक्ष धाकटीकडं असायचं. मालनबाई हे कधी कुणाला बोलली नाही. पण लग्न होऊन पिंपळझऱ्याला आल्यावर पहिल्या दिवाळीला तिनं खडकमाळला गाडीभर सामान पाठवलं, तेव्हा तिच्या मनात नुसतं प्रेम नव्हतं. आता कोण वरचढ, हेही त्या गाडीत बसून गेलं होतं.

मग ती रीतच पडली. ज्वारीचं पोतं, कांदे, गुळाची ढेप, मालनबाईची वापरलेली पण धड लुगडी. बनू नागपंचमीला यायची, जाताना वाकून पाया पडायची आणि म्हणायची, "आक्का, तू हाईस म्हनून माजं चाललंय." त्या एका वाक्यासाठी मालनबाई वर्षभर वाट बघायची.

बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. आदलं सालही असंतसंच गेलं होतं. पिंपळझऱ्याच्या विहिरींनी तळ दाखवला, ऊस उभ्या उभ्या वाळला. आबासाहेबांनी बैल आणि दोन्ही म्हशी जनावरांच्या छावणीत नेऊन बांधल्या. गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. ज्या घरातून गावाला ज्वारी जायची, त्या घरात रेशनची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, आली. मालनबाई तिच्या भाकरी दार लावून थापायची.

त्याच सुमाराला नगरजवळ नागापूरच्या माळावर नव्या कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे, म्हणून आसपासची माणसं त्याला पंपाची कंपनीच म्हणत. त्या कंपनीनं ठरवलं, की दुष्काळात एक गाव दत्तक घ्यायचं. तिथं बोअर पाडायचं, पंप बसवायचा, पोरांसाठी बालवाडी काढायची आणि पाच वर्षं ते गाव सांभाळायचं. आबासाहेब ही बातमी तालुक्याहून घेऊन आले.

"गाव काय लेकरू हाय दत्तक घ्यायला?" मालनबाई म्हणाली.

"आगं, बोलायची पद्धत हाय ती. परवा त्यांचे साहेब येनार हायेत. आपलं गाव बघतील, मग डोंगरापल्याडचं खडकमाळ बघतील. दोन्हीतलं एक घेनार."

"मग त्यांना जेवल्याबिगर धाडायचं न्हाई."

"आता ह्या दिवसांत?"

"ह्या दिवसांतच. कुनी म्हनाया नको, की पाटलाच्या घरात आता काय राह्यलं न्हाई."

विहिरीच्या तळाला कपारीतून जे काही झिरपायचं, ते मालनबाईनं दोन दिवस साठवलं. साहेब यायच्या दिवशी तिनं अंगणात सडा घातला. दाराशी घंगाळभर पाणी ठेवलं. उतरंडीच्या तळातली चण्याची डाळ काढली, सणासाठी जपलेला गूळ काढला, पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, कुरडया तळल्या.

जीपमधून दोघं उतरली. एक शामकांत राजहंस नावाचे साहेब, पन्नाशीचे, शांत बोलण्याचे. दुसरी सुचित्राबाई, कामगारांच्या घरच्यांचं बघायला कंपनीनं नेमलेली, खांद्याला झोळी अडकवलेली तरुण बाई. दोघांनी घंगाळातल्या पाण्यानं खळखळून हातपाय धुतले. पोटभर जेवली.

"वहिनी," राजहंस साहेब म्हणाले, "दुष्काळात असं जेवण मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या गावाकडं पाहून धीर आला."

जीप धुरळा उडवत डोंगराकडं गेली. मालनबाई ओसरीवर बसली. दोन दिवसांच्या धावपळीनं पाय भरून आले होते, पण मन तृप्त होतं.

"खूश झाले," आबासाहेब म्हणाले. "काम झालं म्हन."

आठवड्यानं डोंगराच्या पल्याडून घरघर ऐकू यायला लागली. बोअर पाडायचं मशीन खडकमाळात लागलं होतं.

आबासाहेब तडक नागापूरला गेले. परत आले ते तसेच हातपाय धुवायला बसले. हातावर पाणी घालायला तांब्या उचलला आणि त्यात पाणी कमी दिसलं, तसा त्यांचा बांध फुटला.

"साहेब काय म्हनला ठाऊक हाय? म्हनला, पाटील, तुमच्याकडं अंगनात सडा घालायला पानी हाय. खडकमाळला प्यायला न्हाई. मी कुठं खनू, तुमीच सांगा."

मालनबाईनं ऐकलं आणि ती चुलीपुढं जाऊन बसली. चूल विझलेली होती. दुसऱ्या कुणावर राग काढावा तर कुणी सापडत नव्हतं. मग डोंगरापलीकडची बनू सापडली.

खडकमाळच्या बोअरला पाणी लागलं, हातपंप बसला. उद्घाटनाला कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आले. फोटोवाला आला. पंपाशेजारी हिरवी पाटी रोवली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत गाव दत्तक घेतल्याचं आणि कंपनीच्या सामाजिक बांधिलकीचं लिहिलं होतं. आसपासच्या गावांना आवतण होतं. जायचं नाही असं मालनबाईनं ठरवलं होतं. तरी सकाळी ट्रंकेतलं चांगलं इरकली लुगडं काढून ती नेसली आणि डोंगर चढून गेली.

मंडपात पुढं खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एका खुर्चीवर बनू बसली होती. मोठ्या साहेबांपासून तिसरी. अंगावर मालनबाईनंच दोन वर्षांमागं दिलेलं निळं लुगडं.

राजहंस साहेब बोलायला उठले. "आम्ही या गावात पहिल्यांदा आलो, तेव्हा या बनुबाईंच्या घरी गेलो होतो. घरात अर्धा तांब्या पाणी होतं. त्यांनी ते आमच्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, एवढंच आहे, दोघं वाटून घ्या. मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ पाहुणचार घेतले, पण असा पाहुणचार विसरणार नाही."

टाळ्या पडल्या. मालनबाई गर्दीत उभी होती. तिला आपल्या पुरणपोळ्या आठवल्या. तव्यापाशी भाजलेला हात आठवला, दोन दिवस साठवलेलं पाणी आठवलं. त्यातलं काहीच साहेबांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि हिचा अर्धा तांब्या लाऊडस्पीकरवरून गाजत होता.

मग बनूला बोलायला उभं केलं. नव्या बालवाडीची ताई म्हणून कंपनीनं तिलाच नेमलं होतं. ती चौथी पास होती, आणि पोरं तिच्याजवळ रमायची. बनूनं पदर सारखा केला, मोठ्या साहेबांना हात जोडले आणि म्हणाली, "मला लई बोलता येत न्हाई. तुमी हाईसा म्हनून आमचं चाललंय."

मालनबाईनं ते ओळखलं. ते वाक्य तिचं होतं. नागपंचमीच्या नागपंचमीला, तिच्या उंबऱ्यावर, तिच्या पायाशी ठेवलेलं. बनूनं ते उचलून एका परक्या माणसाला देऊन टाकलं होतं. आणि त्या वाक्यानं मोठ्या साहेबांचा चेहरा कसा पाघळला, तेही तिनं बघितलं. ती गोडी तिच्या ओळखीची होती. सवत पहिल्यांदा दिसावी तशी ती त्या सुटाबुटातल्या माणसाकडं बघत राहिली.

तेवढ्यात बनूला ती गर्दीत दिसली. "साहेब, ती बघा माजी आक्का! आक्का, पुढं ये की!" लोकांनी माना वळवल्या. मालनबाई हसल्यासारखं करून मागं सरकली आणि पेढे वाटायच्या आधी डोंगराच्या वाटेला लागली.

पुढं पिंपळझऱ्याला टँकर यायचा, पण कधी यायचा, कधी नाही. आला तरी लोक रांजण-घागरींसह त्याच्यावर तुटून पडायचे आणि पाटलिणीला त्या रेटारेटीत शिरता येईना. शेवटी घागर डोक्यावर घेऊन तिला खडकमाळ गाठावं लागलं. पंपावर रांग होती. बनू बालवाडीच्या दारातून धावत आली.

"सरका गं बायांनो. माजी आक्का हाय. उन्हाची डोंगर वलांडून आलीय."

"कोनची? पिंपळझऱ्याची पाटलीन व्हय?" रांगेतली एकजण म्हणाली. "तिच्या अंगनात तर सडा पडतुया म्हनं."

बाया हसल्या. बनूनं त्यांना दटावलं, आक्काची घागर स्वतः भरली, स्वतः तिच्या डोक्यावर चढवली. "आक्का, रोज ये. लाजू नको," ती म्हणाली. मालनबाईला त्या घागरीपेक्षा 'लाजू नको'चं ओझं जास्त झालं. आयुष्यभर तिनं दिलं होतं. घेताना माणसाला कसं वाटतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आता कळलं, आणि तिला वाटलं, बनूनं हे इतकी वर्षं हसत हसत कसं सोसलं? मग दुसरा विचार आला: की तिला सोसावं लागलंच नाही? घेणंही हिला आपल्यापेक्षा चांगलं जमतं? तिला त्याचाही हेवा वाटला.

त्यातच मालनबाईची लेक केशर बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. केशरच्या अंगावर दूध येईना. म्हशी छावणीत, छावणीतल्या म्हशीही आटलेल्या. गावात शेळी राहिली नव्हती. बाळ साखरपाणी चोखत होतं आणि दिवसेंदिवस वाळत होतं.

एका दुपारी बनू डोंगर उतरून आली. पदराखाली दूध पावडरीचा डबा होता. कंपनी बालवाडीच्या पोरांसाठी असे डबे पाठवायची.

"घे आक्का. केशर माजी बी लेकच हाय."

"तुला कुनी काही म्हनलं मग?"

"सुचित्राबाई आल्या की सांगनार हाय त्यांना. पन त्या येतील तवा येतील. लेकरू तवर कसं दम धरंल?"

मालनबाईनं डबा घेतला. पाणी उकळून दूध केलं. बाळ पहिल्यांदा पोटभर प्यालं आणि झोपलं. चार-आठ दिवसांत त्याच्या गालांवर रंग आला. केशर म्हणायची, "मावशीमुळं वाचली गं माजी पोर." रोज म्हणायची. मालनबाईनं डबा फळीवरच्या पितळी डब्यांच्या मागं सारला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पण दर खेपेला दूध करताना तो हातात यायचाच.

असं चाललं असताना सुचित्राबाई पिंपळझऱ्याला आली. एकटीच होती. मालनबाईनं या वेळी नुसतं पाणी दिलं. बाई ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मालनबाई, तुमच्या गावातल्या मुलांनाही दूध द्यावं असं आमच्या मनात आहे. बनुबाई सारख्या मागं लागल्यात. माझ्या आक्काच्या गावातल्या पोरांचंही बघा म्हणतात. मी वरती शब्द टाकणार आहे. एक विचारायचं होतं. दोन्ही गावांचं काम बनुबाईंवर सोपवलं, तर झेपेल त्यांना? तुम्ही थोरल्या बहीण, तुम्ही सांगाल ते खरं."

मालनबाई ऐकत राहिली. म्हणजे पिंपळझऱ्यालाही जे मिळणार ते बनूच्या शब्दानं. उद्या ह्याच ओसरीपुढं गावातली पोरं वाट्या घेऊन बसणार आणि बनू त्यांना वाढणार. गाव म्हणणार, बनुबाईचा हात सढळ हाय. आत बाळ कुरकुरलं आणि केशर त्याला थोपटायला लागली.

"झेपंल की," मालनबाई म्हणाली. "मायाळू हाय. पोरं लई जीव लावत्यात तिला." पुढचं बोलणं तिनं ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि मायेचा आवाज घेऊन आलं. "गरिबी तेवढी वाईट असती बघा, बाई. डबा-बिबा घराकडं नेती कधीमधी. पन तिला बोलू नका. लेकराबाळांसाठीच नेत असंल."

सुचित्राबाईचा चेहरा उतरला. "दुधाचा डबा?"

"मी काय बघायला गेलते? कानावर आलं ते सांगितलं."

फळीवर, पितळी डब्यांच्या मागं, तो डबा अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मालनबाई पाण्याला गेली तेव्हा कंपनीची जीप खडकमाळात उभी होती. पंपावरची रांग पाणी सोडून बालवाडीकडं बघत होती. सुचित्राबाई दारात उभी होती आणि तिच्यासमोर बनू.

"बनुबाई, मला खरं सांगा. डबा बाहेर गेला?"

बनूनं मान वर केली. रांगेतल्या बायांवरून तिची नजर फिरली आणि मालनबाईवर येऊन थांबली. फार वेळ नाही, पापणी लवावी इतकाच.

"व्हय. गेला."

"कुठं?"

"भुकेलं लेकरू हुतं एक, तिथं."

"कुणाचं लेकरू? नाव सांगा, म्हणजे मला वरती सांगता येईल. त्यात काही वावगं नसेल तर मी सांभाळून घेईन."

"लेकराचं नाव कशाला घ्यायचं, बाई? मी नेला. मी तुमाला सांगनार हुते, त्याच्या आधी तुमीच आलासा. चूक माजी."

सुचित्राबाईचे डोळे भरले होते, पण तिच्यामागं कंपनी उभी होती. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण पावडर धर्मादाय संस्थेकडून येते, आम्हाला जाब द्यावा लागतो. नाव सांगत नसाल तर मला दुसरी बाई नेमावी लागेल."

"नेमा."

मालनबाईची घागर पंपाखाली होती. कुणीतरी दांडा हाणत होतं. घागर भरली, काठावरून वाहायला लागली, मागची बाई ओरडली, "आगं पाटलीनबाई, पानी वाया चाललंय!" एक शब्द बोलायचा होता. तिनं घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि ती चालायला लागली.

बालवाडी सरपंच गोरक्षनाथाच्या सुनेकडं गेली. पिंपळझऱ्याच्या दुधाचा विषय मागं पडला, तो कुणी पुन्हा काढला नाही. सुचित्राबाईही मग इकडं फिरकली नाही.

मालनबाईला वाटलं होतं, आता जीव थंड होईल. झालाही, डोंगर उतरून घरी येईपर्यंत. मग नवीनच काही सुरू झालं. बनू बालवाडीच्या आधी जायची तशी पुंजारामाबरोबर पुन्हा खडी फोडायला जायला लागली. पण खडकमाळच्या बाया वाटेत तिला थांबवून बोलायच्या, पोरं तिच्या मागं पळायची. ती कुणाला काही बोलली नव्हती. पुंजारामालासुद्धा नाही. मालनबाई तिच्याकडं पाण्याला जायची थांबली, टँकरच्या रेटारेटीत शिरायला शिकली, आणि रात्रंदिवस एकाच गोष्टीचा हेवा करत राहिली: बनू गप्प बसली होती. तसं गप्प बसणं आपल्याला जन्मात जमलं नसतं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. विहिरीला पाणी आलं, म्हशी घरी आल्या, केशर बाळाला घेऊन सासरी गेली. कंपनीतही बदल झाले. राजहंस साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना शिर्डीच्या रस्त्यावर भाविकांसाठी पाणपोया बांधायच्या होत्या. तिथं येणारी-जाणारी माणसं जास्त, पाटी वाचणारीही जास्त. खडकमाळच्या पाच वर्षांतली दोन सरली नव्हती, तोवर दूध बंद झालं, बालवाडीच्या बाईचं मानधन बंद झालं, आणि सरपंचाच्या सुनेनं दाराला कुलूप लावलं. पंप बिघडला तेव्हा कुणी आलं नाही. पुंजारामानं आणि दोघाचौघांनी जुन्या चपलेच्या चामड्याचा गोल वायसर कापून पंपात बसवला आणि तो चालू केला. हिरव्या पाटीला शेळ्या अंग घासायला लागल्या.

मालनबाईला हे समजलं तेव्हा तिनं दिवाळीला गाडी भरली. बाजरीचं पोतं, कांदे, गूळ आणि या वेळी वापरलेलं नाही, नवंकोरं लुगडं. गाडी संध्याकाळी परत आली, तशीच भरलेली.

"मावशी म्हनल्या," गडी सांगायला लागला, "औंदा पिकलंय, लागत न्हाई. आक्काला म्हनाव, राग न्हाई."

राग असता तर मालनबाईनं समजूत घातली असती, नाहीतर उलटं भांडण काढलं असतं. 'राग न्हाई'ला काय करायचं, ते तिला समजेना. महिनाभर ती घरात आदळआपट करत राहिली. मग एके दिवशी सकाळी, हातात काही न घेता, ती डोंगर चढली.

बनू कुलूप लावलेल्या बालवाडीच्या बाहेर, लिंबाखाली बसली होती. आजूबाजूला दहाबारा पोरं. आया शेतात गेल्या की पोरं तिच्याकडं सोडायच्या. जाताना भाकरतुकडा ठेवायच्या, तोच सगळी वाटून खायची. कंपनी नव्हती, डबे नव्हते. बनू त्यांना चिंचोके मोजायला शिकवत होती.

"ये आक्का. बस."

मालनबाई बसली. "गाडी माघारी का धाडलीस, बने?"

"लागत न्हवतं म्हनून."

"आधी लागायचं."

"आधी लागायचं, तवा घेतलं. कधी न्हाई म्हनले का?" बनूच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "तू दिलंस ते मला पचलं, आक्का. मी एकदाच दिलं. तुला पचलं न्हाई."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिशी. डबा कुठं गेला ते तुज्या घराबाहेर कुनाला ठाऊक न्हवतं. आन् मी काय बोलले न्हवते."

"मग नाव का घेतलं न्हाईस माजं?"

"केशरचं लेकरू हुतं ते. त्याच्या दुधाला चोरीचा डाग कशाला लावू?" बनू उठली. "पुसू नको आता. मला उगाळत बसायला येत न्हाई. आन् खोटं कशाला बोलू, आधीसारखं हुनार बी न्हाई." तिनं मांडीवरून काखेत घेतलेलं शेंबडं, रडकं पोर मालनबाईच्या मांडीवर ठेवलं. "हे जरा धर. मी हंडा भरून येते."

ती पंपाकडं गेली. पोर मालनबाईच्या मांडीवर टाहो फोडायला लागलं. तिनं थोपटलं, हलवलं, चिंचोके दाखवले, बांगड्या वाजवल्या. पोरानं तिच्या लुगड्याला नाक पुसलं आणि आणखी जोरात भोकाड पसरलं. भोवतीची पोरं तिच्याकडं टकामका बघत होती. दहा माणसांच्या घरावर हुकमत चालवणारी पाटलीण एका वीतभर पोरापुढं घामाघूम झाली.

बनू हंडा घेऊन आली. तिचा नुसता आवाज ऐकला आणि पोर गप्प झालं, दोन्ही हात पसरून तिच्याकडं झेपावलं. मालनबाईच्या काळजाला तेच जुनं काहीतरी डसलं. इतकं होऊनही डसलं, आणि ते बनूलाही दिसलं असावं, कारण ती हसली.

"सवय न्हाई त्याला तुजी."

"मग लावायला पायजे," मालनबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्यानंतर शेताची गडबड नसेल तेव्हा जात राहिली. बनूनं कधी ये म्हटलं नाही, कधी नको म्हटलं नाही. पिंपळझऱ्यात आबासाहेबांना लोक विचारायचे, "पाटील, वहिनी डोंगरापल्याड काय नेतात एवढं?" आबासाहेब सांगायचे, "काय न्हाई बाबा, मोकळ्या हातानं जाती." लोकांना ते खरं वाटायचं नाही.

पोरं तिला पुढं 'मोठी आक्का' म्हणायला लागली. पण रडायला आलं की ती बनूकडंच पळायची, आणि मालनबाई ते बघून ओठ मुडपायची, मग पुढ्यातल्या दुसऱ्या पोराचं नाक पुसायला घ्यायची.